सतरा वर्षांची अट: नाझी जर्मनीतून ज्यू मुलं कशी सुटली आणि पुढं कशी उभी राहिली

जर्मनीतून बाहेर पडणं ही एक अडचण होती आणि दुसऱ्या देशात शिरणं ही दुसरी. १९३८-३९मध्ये यांतली दुसरी अडचण कितीतरी मोठी होती, आणि हे ध्यानात घेतल्याशिवाय त्या काळातल्या सुटकेच्या हकिगती नीट कळत नाहीत. त्या वेळी ज्यूंनी देश सोडून जावं हेच नाझी सरकारचं धोरण होतं. मात्र जाताना घर, दुकान, दागिने, पैसा सगळं मागं ठेवायचं. ऑगस्ट १९३८मध्ये, जर्मनीनं नुकत्याच गिळलेल्या ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नात, अडॉल्फ आइकमन या नाझी अधिकाऱ्यानं यासाठी एक खास कार्यालयच उघडलं. माणूस एका टोकानं मालमत्तेसह आत जाई आणि दुसऱ्या टोकानं ठरावीक मुदतीत देश सोडण्याचा कागद घेऊन कफल्लक होऊन बाहेर येई. देश सोडण्यावर सरसकट बंदी आली ती ऑक्टोबर १९४१मध्ये. म्हणजे दार बराच काळ उघडं होतं, पण त्या दारापलीकडे घ्यायला कुणी तयार नव्हतं. जुलै १९३८मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँ इथं निर्वासितांच्या प्रश्नावर ३२ देशांची परिषद भरली. जवळजवळ प्रत्येकानं सहानुभूती दाखवली आणि आपला कोटा तेवढाच ठेवला.

९ आणि १० नोव्हेंबर १९३८च्या त्या कुप्रसिद्ध रात्री सिनेगॉगं, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, जाळली गेली, दुकानांच्या काचा फोडल्या गेल्या आणि सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना पकडून दाखाऊ, बुखेनवाल्ड आणि झाक्सेनहाउझनच्या छळछावण्यांत डांबण्यात आलं. पकडलेल्यांत सोळा-सतरा वर्षांची पोरंही होती. पाचच दिवसांनी ज्यू मुलांना जर्मन शाळांतून काढून टाकण्यात आलं. चौदा ते सतरा या वयाची कोंडी इथून समजून घ्यायला हवी. शाळा बंद आणि कारखान्यात उमेदवारी मिळत नाही. पोलिसांच्या लेखी मात्र हा मुलगा आता मोठा पुरुष, कधीही उचलून न्यावा असा. सर्वांत जास्त धोका याच वयाला होता. आणि पुढं दिसेल तसं, परदेशात सर्वांत कमी मागणीही याच वयाला होती.

ब्रिटनमधल्या ज्यू पुढाऱ्यांचं शिष्टमंडळ १५ नोव्हेंबरला पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन यांना भेटलं. २१ नोव्हेंबरला गृहमंत्री सॅम्युअल होर यांनी संसदेत जाहीर केलं की सतरा वर्षांखालील मुलांना देशात येऊ दिलं जाईल. यालाच पुढं किंडरट्रान्सपोर्ट म्हणू लागले. अटी अशा होत्या: सरकारी तिजोरीवर एका पैचाही भार पडता कामा नये, खर्च खासगी संस्थांनी आणि दात्यांनी करावा, मुलांनी नोकऱ्यांच्या बाजारात स्पर्धा करू नये आणि पुढंमागं दुसऱ्या देशात निघून जावं. आईवडिलांना परवानगी नव्हती. मुलांना घ्यायला लोक राजी होतील, पण मोठी माणसं आली तर बेकारीच्या काळात नोकऱ्यांवरून ओरड होईल, असा सरकारचा हिशेब होता. हा निर्णय उदार होता यात शंका नाही. पण कुटुंबाचे दोन तुकडे करण्याची गोष्ट त्याच्या मूळ मसुद्यातच होती, हेही तितकंच खरं. अमेरिकेत १९३९च्या सुरुवातीला दोन वर्षांत २०,००० मुलं घेण्याचं विधेयक मांडलं गेलं. ते मंजूर झालं नाही.

आता कागदांकडे वळू. प्रौढ माणसाला पासपोर्ट, त्यावर ज्यू असल्याचा लाल ‘जे’ शिक्का, प्रत्येकाचा वेगळा व्हिसा, कराची बाकी नसल्याचा दाखला, देश सोडण्यावरच्या पलायनकराची पावती असं सगळं गोळा करावं लागे. यांतल्या प्रत्येक कागदाला मुदत असे. एक मिळेपर्यंत दुसरा बाद होई आणि पुन्हा रांगेत पहिल्यापासून उभं राहावं लागे. मुलांच्या बाबतीत ब्रिटिश गृहखात्यानं हा रस्ता बराच तोडला. पासपोर्ट आणि स्वतंत्र व्हिसाऐवजी एकच ओळखपत्र पुरे. त्यावर मुलाचा फोटो, नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावं आणि ‘शिक्षणासाठी’ प्रवेश असल्याचा मजकूर असे. व्हिसाची गरज नाही, असंही त्यावर छापलेलं असे.

ते ओळखपत्र हाती येण्याचा क्रम असा होता. आईवडील बर्लिनमधल्या मध्यवर्ती ज्यू संस्थेकडे, किंवा व्हिएन्नात असतील तर तिथल्या ज्यू समाजाच्या कार्यालयात अर्ज भरत. सोबत फोटो आणि डॉक्टरचा दाखला जोडावा लागे. तिथले कार्यकर्ते अनाथ मुलं, वडील छावणीत असलेली मुलं आणि अटकेचा धोका असलेले मोठे मुलगे आधी निवडून याद्या लंडनला पाठवत. लंडनमध्ये निर्वासित मुलांच्या समितीकडे, म्हणजे १९३९पासून ब्लूम्सबरी हाउसमध्ये, त्या तपासल्या जात. गृहखात्याचा शिक्का बसला की ओळखपत्रं परत जर्मनीत येत. मग जर्मन पोलिसांची मंजुरी, गाडीची तारीख आणि आईवडिलांना निरोप. हा निरोप पुष्कळदा निघण्याच्या थोडेच दिवस आधी येई. गळती दोन ठिकाणी होत असे. अपंग किंवा दीर्घ आजारी मूल लंडनच्या चाळणीत अडकायचं, कारण त्याला सांभाळणारं कुटुंब मिळणार नाही असं समिती धरून चालायची. आणि वय. अर्ज सोळाव्या वर्षी केला आणि मंजुरीला महिने लागले, तर त्या मधल्या काळात मुलगा मर्यादेपलीकडे जायचा.

पैशाचा प्रश्न दोन प्रकारे सुटायचा. काही मुलांना ब्रिटनमधलं एखादं कुटुंब किंवा नातेवाईक आधीच हमी देत. बाकीची मुलं समितीच्या भरवशावर येत. माजी पंतप्रधान स्टॅन्ली बॉल्डविन यांनी ८ डिसेंबर १९३८ला रेडिओवरून मदतीचं आवाहन केलं. त्यातून सुमारे पाच लाख पौंड जमले आणि त्यांतला मोठा भाग मुलांसाठी गेला. पण मुलं इतकी होती की १९३९च्या वसंतात विनाहमी मुलांची संख्या आवळावी लागली आणि प्रत्येक मुलामागं ५० पौंडांची हमी मागितली जाऊ लागली. मूल पुढं दुसऱ्या देशात जाईल तेव्हाच्या खर्चापोटी ही रक्कम होती. साध्या कामगाराची ही तीन-चार महिन्यांची कमाई. त्यामुळं व्हिएन्नातली सुशिक्षित घरं ‘मँचेस्टर गार्डियन’सारख्या वृत्तपत्रात छोट्या जाहिराती देऊ लागली. मुलगा हुशार आहे, संस्कारी आहे, कुणी घेईल का, अशा. काही ओळींचे पैसे भरून आपलं पोर अनोळखी माणसाच्या पदरात घालायचं, हे त्या वेळी सर्वांत समंजस आईबाप करत होते.

प्रवासात प्रत्येकाला एक लहान सुटकेस नेता येई, स्वतःला उचलता येईल एवढीच. रोख १० मार्क, म्हणजे एका पौंडाहूनही कमी. मौल्यवान वस्तू नेता येत नसत. गळ्यात क्रमांकाची चिठ्ठी आणि तोच क्रमांक सुटकेसवर. बर्लिनहून पहिली गाडी १ डिसेंबर १९३८ला निघाली आणि दुसऱ्या दिवशी सुमारे २०० मुलं हार्विच बंदरात उतरली. नेहमीचा मार्ग बेंटहाइमच्या सरहद्दीवरून हॉलंडमध्ये, तिथून हूक ऑफ हॉलंड बंदर, रात्रीची बोट, हार्विच आणि मग रेल्वेनं लंडनचं लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशन असा होता. सरहद्दीवर एसएस या नाझी निमलष्करी दलाचे लोक डब्यात चढून सुटकेसा उपसत. गाडी पलीकडे गेली की डच बायका खिडकीतून पाव आणि गरम कोको देत. त्या काळच्या कितीतरी आठवणींत हा कोको येतो.

गाडीबरोबर मोठी माणसं जात, पण त्यांनी परत आलंच पाहिजे अशी जर्मन अधिकाऱ्यांची अट होती. एकजण जरी तिकडे राहिला, तरी पुढच्या गाड्या बंद झाल्या असत्या. बर्लिनमध्ये या गाड्यांची जुळवाजुळव करणारा नॉर्बर्ट वोलहाइम पंचविशीतला तरुण होता. तो मुलांना घेऊन इंग्लंडला पोचला आणि पुन्हा पुन्हा बर्लिनला परतला. १९४३मध्ये त्याला बायकामुलासह आउशवित्झला नेण्यात आलं. ती दोघं मारली गेली, तो वाचला. पुढं त्यानं आपल्याकडून गुलामासारखं काम करून घेणाऱ्या आय. जी. फार्बेन कंपनीवर दावा लावला. व्हिएन्नात पहिली मोठी गाडी निघाली ती गेर्त्रुइदा वेइसम्युलर या डच बाईंच्या धिटाईमुळं. त्या स्वतः ज्यू नव्हत्या. त्या थेट आइकमनसमोर जाऊन बसल्या. त्यानं अवघ्या काही दिवसांत ६०० मुलं उभी करायला सांगितलं, जमणार नाही अशाच हिशेबानं. १० डिसेंबरला, शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, ६०० मुलं निघाली.

हार्विचजवळ डोव्हरकोर्ट इथं उन्हाळी सुट्टीसाठी बांधलेली छावणी होती. विनाहमी मुलांना आधी तिथं ठेवत. लाकडी खोल्यांत उष्णतेची सोय नव्हती आणि तो हिवाळा कडक होता. शनिवार-रविवारी मुलं जेवायला बसली की मूल घरी न्यायला आलेली जोडपी टेबलांमधून फिरत आणि निवडत. मुलांनीच त्याला गुरांचा बाजार म्हटलं. सात-आठ वर्षांच्या सोनेरी केसांच्या मुली आधी जात. सोळा वर्षांचे, आवाज फुटलेले, इंग्रजी न येणारे मुलगे आठवड्यामागून आठवडे तिथंच राहत. धोक्याच्या क्रमानं निवडलेली मुलं इथं आवडीच्या क्रमानं निवडली जात होती. योजनेतला सर्वांत मोठा दोष मला हाच वाटतो. भावंडांची ताटातूटही इथंच होई, कारण एका घराला बहुधा एकच मूल हवं असे.

मोठ्या मुलांसाठी म्हणून वेगळे मार्ग काढावे लागले. बर्लिनमधल्या रेखा फ्रायर यांनी १९३२-३३मध्येच हे हेरलं होतं, की पंधरा-सतरा वर्षांच्या पोरांना दत्तक घर नको, काम आणि सोबती हवेत. त्यातून युवा आलिया ही चळवळ उभी राहिली. मुलांना गटानं, तेव्हा ब्रिटिश अमलाखाली असलेल्या पॅलेस्टाइनमधल्या किबुत्झवर, म्हणजे सामूहिक शेतीच्या वसाहतीवर न्यायचं, दोन वर्षं अर्धा दिवस शेतीकाम आणि अर्धा दिवस शिक्षण. पण तिथंही ब्रिटिश प्रवेशपत्रांची मर्यादा होती, आणि मे १९३९च्या श्वेतपत्रिकेनं ती पाच वर्षांत ७५,००० माणसं इतकी ठरवून टाकली. म्हणून परवान्याची वाट पाहणाऱ्यांसाठी ब्रिटनमध्येच शेतीच्या प्रशिक्षण वसाहती निघाल्या. वेल्समधल्या अबरगेलीजवळच्या ग्विरिख किल्ल्यात सुमारे २०० पोरं राहिली. ऐन थंडीत पडक्या वाड्यात ती मुलं स्वतःच दुरुस्त्या करत आणि दिवसा आसपासच्या शेतांवर राबत. ओर्ट या ज्यू संस्थेच्या बर्लिनमधल्या तंत्रशाळेनं ऑगस्ट १९३९च्या अखेरीस सुमारे १०० विद्यार्थी इंग्लंडला हलवले आणि लीड्समध्ये शाळा पुन्हा सुरू केली. पुढच्या तुकडीच्या वेळी युद्ध आडवं आलं. अठरा पूर्ण झालेल्यांसाठी केंटमध्ये किचनर छावणी होती. छळछावणीतून ‘देश सोडतो’ असं लिहून देऊन सुटलेले सुमारे ४,००० पुरुष तिथं आले.

इंग्लंडमध्ये तेव्हा सक्तीचं शिक्षण चौदाव्या वर्षी संपत असे. त्यामुळं व्हिएन्नात लॅटिन आणि बीजगणित शिकणारी पंधरा वर्षांची मुलगी इथं एखाद्या घरात धुणीभांडी करू लागे आणि मुलगा शेतावर किंवा वर्कशॉपमध्ये जाई. पुढचं शिक्षण हवं तर शिष्यवृत्ती, रात्रीचे वर्ग किंवा सांभाळणाऱ्या घराची मर्जी. केंटमधली बन्स कोर्ट शाळा हा मोठा अपवाद. आना एसिंगर यांनी १९३३मध्येच आपली अख्खी शाळा जर्मनीतून उचलून इथं आणली होती. ती त्या मुलांचं घर झाली.

या मुलांवर अजून एक ओझं होतं. आईवडिलांना बाहेर काढायचं. घरकामाच्या परवान्यावर सुमारे २०,००० ज्यू बायका ब्रिटनमध्ये येऊ शकल्या होत्या. म्हणून चौदा-पंधरा वर्षांची पोरं मोडक्यातोडक्या इंग्रजीत श्रीमंत वस्तीतली दारं ठोठावत, माझी आई स्वयंपाकी आणि वडील माळी म्हणून राहतील का, असं विचारत. मालक मिळायचा, त्याचं पत्र, मग परवाना, मग व्हिसा, मग जर्मनीतले कागद. काहींचे सगळे कागद जुळून प्रवासाची तारीखही ठरली होती. ३ सप्टेंबर १९३९ला युद्ध जाहीर झालं आणि ते व्हिसा रद्द झाले. निकोलस विंटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रागमधून ६६९ मुलं बाहेर काढली होती. १ सप्टेंबरला निघणारी सुमारे २५० मुलांची गाडी मात्र फलाटावरच राहिली. जर्मनीतल्या गाड्या थांबल्यावरही वेइसम्युलर बाई थांबल्या नाहीत. १४ मे १९४०ला, हॉलंड शरण येत असताना, त्यांनी एइमाउडेन बंदरातून ‘बोडेग्राव्हेन’ बोटीवर ७४ मुलं चढवली. एकूण सुमारे १०,००० मुलं ब्रिटनमध्ये पोचली, त्यांतली बहुतेक ज्यू.

मग पत्रं थांबली. उरला रेडक्रॉसचा फॉर्म, २५ शब्दांची मर्यादा, आणि पोचायला महिने. १९४१-४२नंतर पुष्कळांना उत्तर येईनासं झालं.

मे १९४०मध्ये ब्रिटनला आक्रमणाची धास्ती बसली आणि जर्मन-ऑस्ट्रियन पुरुषांना सरसकट स्थानबद्ध करणं सुरू झालं. वयाची खालची मर्यादा सोळा. त्याआधी चौकशी मंडळांनी बहुतेक निर्वासितांना निर्धोक म्हणून ‘क’ वर्गात टाकलं होतं, पण घाबरटपणात तो शेरा कुणी पाहिला नाही. किंडरट्रान्सपोर्टनं आलेल्यांपैकी सुमारे १,००० जण असे पकडले गेले. काही आइल ऑफ मॅनवर ठेवले गेले आणि काहींना समुद्रापार धाडण्यात आलं. १० जुलै १९४०ला लिव्हरपूलहून निघालेल्या ‘ड्युनेरा’ जहाजात क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त, सुमारे २,५०० माणसं कोंबली होती. पहारेकऱ्यांनी त्यांचं सामान लुटलं, काही समुद्रात फेकलं. जवळजवळ दोन महिन्यांनी ती ऑस्ट्रेलियाला पोचली आणि ‘हे’ (Hay) नावाच्या गावाजवळच्या वाळवंटी छावणीत राहिली. ही पद्धत साऱ्या साम्राज्यात होती. आपल्या पुरंदर किल्ल्यावरही महायुद्धाच्या काळात जर्मन कुटुंबांबरोबर नाझींपासून पळून आलेल्या ज्यू निर्वासितांना ठेवलं होतं. गडावर ट्रेकला जाणाऱ्यांना हा इतिहास सहसा कुणी सांगत नाही.

या सगळ्या पायऱ्या एकाच आयुष्यात पाहायच्या तर वॉल्टर कोन यांच्याकडे पाहावं. जन्म व्हिएन्ना, १९२३. ऑगस्ट १९३९मध्ये, सोळाव्या वर्षी, शेवटच्या गाड्यांपैकी एकीनं इंग्लंड. वर्षभरात स्थानबद्ध आणि मग कॅनडाच्या छावणीत रवानगी. तिथं लाकूडतोडीची मजुरी दिवसाला २० सेंट. त्यातून साठवून त्यांनी गणिताचं आणि रासायनिक भौतिकीचं पुस्तक घेतलं. छावणीतल्याच शिकलेल्या मंडळींनी वर्ग चालवले होते. सुटल्यावर टोरांटो विद्यापीठात प्रवेश मिळाला, पण शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून रसायनशास्त्राच्या इमारतीत पाऊल टाकायला मनाई. म्हणून ते गणित आणि भौतिकशास्त्र शिकले. त्यांचे आईवडील आउशवित्झमध्ये मारले गेले. १९९८मध्ये कोन यांना नोबेल पारितोषिक मिळालं, रसायनशास्त्राचं.

स्थानबद्धतेतून सुटण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे लष्करी पायोनियर दलात नाव घालणं. सुरुवातीला हातात फावडं-कुदळच मिळे. पुढं अनेकांना लढाऊ तुकड्यांत, कमांडोत आणि गुप्तवार्ता विभागात घेतलं गेलं. सुमारे १०,००० जर्मन-ऑस्ट्रियन निर्वासित ब्रिटिश सैन्यात लढले. त्यांना इंग्रजी नावं घ्यायला लावत, कारण पकडले गेले तर जर्मन नावाच्या ज्यू सैनिकाला युद्धकैदी म्हणून वागवलं जाणार नव्हतं.

युद्ध संपल्यावर रेडक्रॉसच्या याद्या चाळणं सुरू झालं. बहुसंख्य मुलांना आईवडील पुन्हा भेटले नाहीत. ज्यांना भेटले त्यांच्यातल्या धाकट्यांना जर्मन येत नव्हतं आणि आईला इंग्रजी. काही मुलं सांभाळणाऱ्या घराच्या वळणानं ख्रिस्ती झाली होती, आणि त्यावरून ज्यू संस्थांशी मोठे वाद झाले. अल्पवयीन मुलांच्या शिक्षण-नोकरीच्या कागदांवर सही कुणी करायची, हा प्रश्नही वर्षानुवर्षं लोंबकळत होता. १९४४च्या कायद्यानं समितीचे अध्यक्ष लॉर्ड गोरेल यांना पालक नेमता आलं तेव्हा तो सुटला.

नागरिकत्वाचा गुंता त्याहून अवघड. नोव्हेंबर १९४१च्या फर्मानानं जर्मनीनं परदेशातल्या सर्व ज्यूंचं नागरिकत्व काढून घेतलं होतं. पण ब्रिटनच्या नोंदीत ती मुलं जर्मनच राहिली, तीही शत्रुराष्ट्राची. ब्रिटिश नागरिकत्वाचे अर्ज युद्धकाळात बंद होते आणि १९४६पासून ते निकालात निघू लागले. ‘पुढं दुसऱ्या देशात जावं’ ही १९३८ची अट तोवर कुणी लावून धरली नाही. बरीचजणं ब्रिटनमध्येच राहिली, काही अमेरिकेत, काही इस्रायलमध्ये गेली. जर्मन राज्यघटनेच्या कलम ११६ नुसार असं हिरावलेलं नागरिकत्व मूळ व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना परत मागता येतं. ऑस्ट्रियानं वंशजांसाठी ही सोय सप्टेंबर २०२०पासून केली. त्यासाठी पूर्वजाचा जन्मदाखला, त्या काळचं नागरिकत्व दाखवणारा कागद आणि अर्जदारापर्यंतची वंशसाखळी सिद्ध करणारे जन्म-विवाहाचे दाखले लागतात. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर अशा अर्जांची संख्या बरीच वाढली. आणि २०१९पासून जर्मनीनं किंडरट्रान्सपोर्टनं गेलेल्या हयात व्यक्तींना एकरकमी २,५०० युरो द्यायला सुरुवात केली, म्हणजे पहिली गाडी निघाल्यावर ८० वर्षांनी.